सावरडोहची डोईमळणी

डोहाच्या काठचं सावरीचं झाड आज पाच माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. ही गोष्ट घडली तेव्हा सावर एका माणसाच्या कवेत येत होती. त्याला किती वर्षं झाली, ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही. गावात विचारलं तर म्हातारी माणसं सावरीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, तिलाच विचारा. फार वर्षांपूर्वी, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ठकुआईचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

ठकुआई तेलीण होती. तिचा नवरा लवकर गेला आणि मागे एक लाकडी घाणा आणि एक बैल ठेवून गेला. बैलाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून त्याचं नाव चांद्या. चांद्या दिवसभर घाण्याभोवती फिरायचा आणि ठकुआई घाण्यात तीळ घालत बसायची. सावरडोह गावच्या प्रत्येक फोडणीत आणि प्रत्येक समईत तिच्याच घाण्याचं तेल असायचं.

एका उन्हाळ्यात चांद्याला खांदा आला. जू घासून घासून बैलाच्या मानेवरची कातडी सोलते आणि तिथले केस जातात, त्याला खांदा आला म्हणतात. दुसरी कुणी असती तर तिनं जखमेवर हळद दाबून बैलाला पुन्हा जुंपलं असतं. ठकुआईनं चांद्याला सोडलं आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. एकवीस दिवस ती घाण्याभोवती फिरली आणि चांद्या सावलीत बसून तिच्याकडे बघत राहिला, असं म्हणतात.

डोहाच्या ओल्या काठावर माका उगवतो. त्याला बारीक पांढरी फुलं येतात आणि त्याची काडी मोडली की मोडलेली जागा बघता बघता काळी पडते. ठकुआईनं तो माका मुळासकट उपटून आणला, पाट्यावर वाटला, त्यात वडाच्या पारंब्यांची कोवळी टोकं घातली आणि सगळं तिळाच्या तेलात शिजवलं. जो काळा लेप झाला तो ती दर तिसऱ्या दिवशी चांद्याच्या मानेला बोटांनी चोळायची, आणि मग त्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात उभा करायची. बाविसाव्या दिवशी चांद्याच्या मानेवर केस दिसले. ते इतके दाट आले की चिमण्या घरट्यासाठी ते ओढून न्यायला लागल्या, असं म्हणतात. ठकुआईचे तळहात मात्र काळे झाले ते झालेच. राखेनं घासले, चिंचेनं घासले, पुन्हा पांढरे झाले नाहीत.

मग बारा गावांचे बैल तिच्या दारात यायला लागले. लेपाच्या बदल्यात ती ओंजळभर तीळ घ्यायची आणि लेप पळसाच्या पानात बांधून द्यायची. देताना सांगायची की लेप बोटांनी चोळायचा, घाई करायची नाही आणि चोळून झाल्यावर ऊन द्यायचं. अंधाऱ्या गोठ्यात हा लेप काम करत नाही.

आता इथे त्या वेळच्या सावरडोहची एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा गावात कुणाचंच डोकं कुणाला दिसत नसे. पुरुषांच्या डोक्यावर पागोटं किंवा मुंडासं, बायकांच्या डोक्यावर पदर. जेवताना तेच, निजतानाही तेच. नवऱ्याला बायकोचा भांग माहीत नव्हता आणि बायकोला नवऱ्याचा माथा माहीत नव्हता. न्हाव्यापुढे बसतानाही पुरुष तोंड भिंतीकडे करायचे आणि दार लावून घ्यायचे. न्हावी सगळ्या गावाची डोकी ओळखून होता, पण त्याचं पोट त्याच्या गप्प बसण्यावर चालत होतं. त्यामुळे ज्याच्या डोक्यावरचे केस गेले त्याला वाटायचं, अख्ख्या गावात एकट्या माझेच गेले.

चांद्याच्या मानेची बातमी पसरली तशी माणसं ठकुआईकडे यायला लागली. पण खरं कुणी बोलेना.

"ठकुआये, थोडा लेप दे. बैलाला खांदा आलाय."

"कुठल्या बैलाला रे?"

"काळ्याला."

"काळा तर तू मागच्या बाजाराला विकलास ना?"

तो माणूस पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा. "मग पांढऱ्याला आला असेल."

ठकुआई हसायची नाही. पानात लेप बांधायची आणि म्हणायची, "बरं. पांढऱ्याला सांग, स्वतःच्या हातानं चोळून घेऊ नकोस म्हणावं. घरातल्या माणसाला चोळायला सांग. आणि मुंडासं काढून उन्हात बस म्हणावं."

माणूस लाल व्हायचा आणि पान काखेत मारून निघून जायचा. घरी गेल्यावर तो काय करणार? चोळून दे म्हणायचं तर मुंडासं काढावं लागेल. उन्हात बसायचं तर शेजारी बघतील. म्हणून ते पान गोठ्याच्या कोनाड्यात जायचं आणि बायकोनं विचारलं तर तो सांगायचा, बैलाचं औषध आहे, हात लावू नकोस. सहा महिन्यांत गावातल्या जवळजवळ प्रत्येक कोनाड्यात एक तरी पान होतं. सर्वांत जास्त पानं सखोजी पाटलाच्या गोठ्यात होती. त्यानं ती सगळी आपल्या सालगड्याच्या नावावर मागवली होती.

बायकाही यायच्या. बाळंतपणानंतर कुणाचे केस फणीत यायला लागलेले असायचे, कुणाचा भांग बोटभर रुंद झालेला असायचा. त्या म्हशीचं नाव सांगायच्या, शेळीचं सांगायच्या. एका सकाळी खुद्द पाटलीणबाई आली. तिचं नाव पार्वता. ती चालत आली, एकटी आली, आणि दारातच उभी राहिली.

"ठकुआये, गाईला खांदा आलाय."

ठकुआईनं वरवंटा थांबवला. "गाईला? तुम्ही गाय कधीपासून जुंपायला लागलात, पाटलीणबाई?"

पार्वता हसली नाही. तिचे डोळे भरून आले. ती उंबऱ्यावरच खाली बसली आणि पहिल्यांदाच त्या दारात कुणीतरी खरं बोललं. "गाईला नाही. माझ्या रेऊला."

रेऊ ही पाटलाची एकुलती एक मुलगी, दहा वर्षांची. मार्गशीर्षात तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण पोर उठून बसली तेव्हा उशीवर केसांचा पुंजका राहिला. मग रोज मूठभर केस जायला लागले. मग डोक्यावर गोल गोल चाया पडल्या, आणि होळीपर्यंत रेऊच्या डोक्यावर एक केस उरला नाही. होळीच्या दिवशी ती शिडीनं माळ्यावर चढली, आणि वर गेल्यावर शिडी तिनं स्वतःच्या हातानं वर ओढून घेतली. तेव्हापासून ती खाली आली नव्हती. जेवण दोरीला बांधून वर जायचं.

ठकुआई त्याच दिवशी पाटलाच्या घरी गेली. माळ्याखाली उभी राहून तिनं हाक मारली नाही, समजावलं नाही. नुसती म्हणाली, "रेऊबाई, मी ठकू तेलीण. माझे हात काळे आहेत. बघायचे आहेत का?"

मग शिडी हळूहळू खाली आली.

माळ्यावर एकच छोटी खिडकी होती. पाटलाचं घर डोहाला लागूनच होतं, त्यामुळे तिच्यातून डोह, सावर आणि डोहाची वाट दिसायची. रेऊ खिडकीपासून लांब, डोक्यावरून घोंगडी घेऊन बसली होती. तिनं ठकुआईचे हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "धुतले तरी जात नाही?"

"नाही."

"लोक हसत नाहीत?"

"पहिल्यांदा हसले. मग त्यांना बैल बरा करून हवा होता."

त्या दिवसापासून दर तिसऱ्या सकाळी ठकुआई माळ्यावर जायची आणि रेऊच्या डोक्याला लेप चोळायची. रेऊ डोळे मिटून बसायची. हळूहळू ती बोलायला लागली. खिडकीतून काय काय दिसतं ते सांगायची. कुणाची घागर फुटली, कुणाचं वासरू पळालं, खंड्या पक्षी डोहात किती वेळा बुडी मारतो. पण चोळून झाल्यावर ठकुआई म्हणायची, "आता अंगणात चल. घटकाभर उन्हात बस," तेव्हा ती पुन्हा घोंगडी ओढून घ्यायची.

एकदा ठकुआई म्हणाली, "ती सावर बघ. फाल्गुनात तिच्यावर एक पान नसतं. तेव्हा कुणी तिच्यावर लुगडं टाकतं का? तशीच उभी राहते. म्हणून तर तिला फुलं येतात."

रेऊ खिडकीकडे बघत म्हणाली, "आये, तेव्हा पळसालाही पानं नसतात. पांगाऱ्यालाही नसतात. ती एकटी नसते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "खाली सगळ्यांची डोकी झाकलेली आहेत. मी एकटीनं कशाला उघडं करू?"

ठकुआईला बारा गावांच्या बैलांची दुखणी कळत होती. पण हा प्रश्न ती तसाच घेऊन घरी गेली. त्या दिवशी तिनं घाण्यात तिळाऐवजी खडे घातले आणि चांद्या थांबेपर्यंत तिला कळलं नाही, असं म्हणतात.

आषाढ गेला. रेऊच्या डोक्यावर लेप बसत होता, पण उन्हावाचून काही उगवत नव्हतं. सखोजी पाटील वाईट माणूस नव्हता. पण जेवणाची दोरी वर जाताना बघितली की तो स्वतःच्या ताटावरून उठायचा, आणि त्याला एकच उपाय सुचला. त्यानं पार्वताला सांगितलं, "पोळा झाला की तिला डोंगरापलीकडे तुझ्या मावशीकडे ठेवू. तिथे तिला कुणी ओळखत नाही. गावाला सांगू, शिकायला पाठवली."

"कधीपर्यंत?"

पाटील पागोटं सारखं करत राहिला. म्हणजे कायमचं, हे पार्वताला समजलं. माळ्याच्या फळ्या पातळ होत्या. ते रेऊलाही समजलं.

पुढच्या वेळी ठकुआई वर आली तेव्हा रेऊनं आपली बाहुली आणि दोन परकर एका फडक्यात बांधून ठेवले होते. ती रडत नव्हती. तिनं विचारलं, "त्या गावात खिडकीतून डोह दिसतो का गं?"

ठकुआई तिच्यासमोर बसली. तिनं आपले काळे हात रेऊच्या हातांवर ठेवले आणि म्हणाली, "पोळ्याच्या आदल्या दिवशी तू डोहावर येशील. सगळं गाव तिथे असेल. आणि तुझ्याआधी दुसरी डोकी उघडी झालेली असतील. तसं झालं नाही, तर माझा पाटा-वरवंटा मी डोहात टाकीन आणि पुन्हा कुणाला लेप देणार नाही."

बोलून तर गेली, पण कसं करायचं हे तिला माहीत नव्हतं. दोन दिवस ती विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि घरोघर जाऊन तिनं बायकांना, सालगड्यांना, पोरांना एकच गोष्ट सांगितली. "पोळा पंधरा दिवसांवर आला. तुमच्या गोठ्यातल्या कोनाड्यात बैलाचं औषध पडलंय. वाया घालवू नका. रोज सकाळी बैलांच्या शिंगांना चोळा आणि बैल उन्हात बांधा." यात ती एक अक्षरही खोटं बोलली नाही. बैलाचं औषध, हे पुरुषांनीच सांगितलं होतं.

घरची माणसं कामाला लागली. पुरुषांना बोलता येईना, कारण बोललं तर सगळं सांगावं लागलं असतं. पंधरा दिवस शिंगांना लेप लागला. दुसऱ्याचा हात मिळाला, सकाळचं ऊन मिळालं. जे माणसांच्या डोक्यांना मिळालं नव्हतं ते सगळं शिंगांना मिळालं. वरून मात्र काळ्या लेपाचा जाड थर बसला होता, त्यामुळे आत काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. त्या दिवशी बैलांना डोहावर नेऊन धुतात आणि मग त्यांच्या खांद्यांना हळद आणि तेल चोळतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून. सकाळीच सगळं गाव डोहावर जमलं. बैल पाण्यात उतरले. पोरांनी नारळाच्या शेंड्यांनी शिंगं घासायला घेतली, काळा थर सुटला, पाणी काळं झालं, आणि एक पोर ओरडलं, "आमच्या बैलाच्या शिंगांवर केस!"

मग दुसरं ओरडलं. मग तिसरं. असं म्हणतात की त्या दिवशी सावरडोहच्या साठ बैलांच्या शिंगांवर केस उगवले होते. ज्याच्या गोठ्यात लेप जास्त, त्याच्या बैलांचे केस जास्त. पाटलाच्या जोडीच्या शिंगांवरून तर केस खाली लोंबत होते, ओले, काळेभोर, वाऱ्यावर हलणारे.

"अगं बाई!" कडेला बसलेली सगुणा म्हातारी म्हणाली. "यांची आता वेणीफणी करायला हवी. पाटलीणबाई, फणी आणलीस का?"

डोहावर हसण्याचा एकच गलका झाला. बायका हसत हसत खाली बसल्या. मग सगुणा म्हातारीच डोळे पुसत म्हणाली, "पण काय हो पाटील, तुमच्या बैलांना खांदा आला होता ना? मला तर यांच्या खांद्यांवर एक ओरखडा दिसत नाही."

सगळ्यांनी बैलांच्या खांद्यांकडे बघितलं. साठ बैल धुऊन स्वच्छ उभे होते आणि एकाचाही खांदा सोललेला नव्हता. हसू हळूहळू थांबलं. बायकांनी पुरुषांच्या मुंडाशांकडे बघितलं. पुरुषांनी पाण्याकडे बघितलं. मग एकेका पुरुषानं चोरून दुसऱ्याच्या मुंडाशाकडे बघितलं, आणि त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं, याचेपण?

सखोजी पाटील काठी आपटत पुढे आला. "ठकुबाई! हे काय चेटूक मांडलंस?"

"पाटील, लेप बैलासाठी नेलात, बैलाला लागला. माझं काय चुकलं?"

पाटलानं काठी वर केली. गाव सोडून चालती हो, असं तो म्हणणारच होता. तेवढ्यात काठावरच्या पाटलाच्या घरातून, वरून, हसण्याचा आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला, पण ओळखला दोघांनीच, पाटलानं आणि पार्वतानं. माळ्याच्या खिडकीत रेऊ उभी होती, वेणी घालता येईल अशा शिंगांकडे बघत होती आणि पोट धरून हसत होती. होळीपासून त्या घरात कुणी ते हसू ऐकलं नव्हतं. बापानं वर बघितलं तशी ती पटकन घोंगडी ओढून आत सरकली.

पाटलाची काठी खाली आली. तो ठकुआईजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "हसली ती."

"हसली."

"आता काय करू?"

"ऊन चांगलं आहे, पाटील," ठकुआई म्हणाली. "पागोटं काढा."

पाटलानं काठी बाजूला ठेवली. मग त्यानं पागोट्याचं टोक सोडलं आणि एकेक वेढा उलगडायला लागला. असं म्हणतात की ते पागोटं इतकं लांब होतं की त्याचं एक टोक डोहाच्या पलीकडच्या काठाला लागलं तरी उलगडणं चालूच होतं. शेवटचा वेढा सुटला आणि पाटलाचं डोकं उन्हात आलं. नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत, चकाकणारं, आणि कितीतरी वर्षं ऊन न लागल्यामुळे पांढरं. कुणीही हसलं नाही. सगुणा म्हातारीसुद्धा नाही.

पाटलानं मान खिडकीकडे वळवली. "रेऊ," तो मोठ्यानं म्हणाला, आणि मग त्याचा आवाज लहान झाला. "हे बघ. मी तुझ्या वयाचा नव्हतो, पण तुझ्यासारखाच लपलो. वीस वर्षं लपलोय."

त्याच्यामागे कुणीतरी मुंडासं काढलं. मग आणखी एकानं. कुणाच्या माथ्यावर चंद्र होता, कुणाच्या कपाळाचं मैदान मागपर्यंत गेलं होतं, कुणाला चाई होती. ज्यांचे केस शाबूत होते त्यांनीही मुंडाशी काढली, कारण आता झाकून ठेवलं तर लोक भलताच संशय घेतील, असं त्यांना वाटलं. मग पार्वतानं पदर खांद्यावर घेतला. तिचा भांग दोन बोटं रुंद होता. तो बघून शेजारची बाई म्हणाली, "अगं, तुझापण?" आणि तिनंही पदर खाली घेतला.

शिडी खाली आल्याचा आवाज कुणी ऐकला नाही. लोकांनी बघितलं तेव्हा रेऊ डोहाच्या वाटेवर होती, घोंगडी घट्ट धरून. लहान पावलं टाकत ती सावरीपर्यंत आली. तिनं सगळीकडे बघितलं. इतकी डोकी तिनं कधीच बघितली नव्हती. आणि मग तिनं घोंगडी सावरीच्या फांदीवर टाकली.

ठकुआईनं लेपाचं भांडं आणलं. "बैस," ती म्हणाली.

रेऊ बसली नाही. ती ठकुआईच्या पदराकडे बघत होती. लोक म्हणत की त्या पदराखाली गुडघ्यापर्यंतचे केस आहेत, लेप करणारीचे असणारच. रेऊनं विचारलं, "आये, सगळ्यांची उघडी झाली. तुझं?"

ठकुआई थोडी हसली आणि तिनं पदर खाली घेतला. तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"मग तुझा लेप तुला नाही लागला?"

"आपल्या हातानं चोळून चालत नाही गं," ठकुआई म्हणाली. "मला चोळून द्यायला घरात कोण होतं?"

रेऊनं आपल्या बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग तिनं ठकुआईचा खांदा दाबून तिलाच सावरीखाली बसवलं, भांड्यात बोटं बुडवली आणि तिच्या डोक्याला लेप चोळायला लागली. ठकुआईनं डोळे मिटले. ते पाहून पाटील पोरीच्या मागे जाऊन बसला आणि तिच्या डोक्याला लेप चोळायला लागला. पार्वता पाटलाच्या मागे बसली. तिच्यामागे शेजारीण, तिच्यामागे तिचा नवरा, त्याच्यामागे न्हावी. ओळ वाढत गेली आणि सावरीभोवती वळत वळत पुन्हा ठकुआईपर्यंत आली, तेव्हा ओळीचा शेवटचा माणूस तिच्या अगदी पुढ्यात येऊन बसला. ठकुआईनं डोळे न उघडता काळे हात पुढे केले आणि त्याचं डोकं चोळायला घेतलं. असं ते गोल कडं झालं. त्यात कुणाचं डोकं राहिलं नाही. बैल पाण्यात उभे राहून बघत होते, आणि त्या दिवशी त्यांची खांदमळणी दुपारी झाली.

रेऊ डोंगरापलीकडे गेली नाही. ती रोज सकाळी अंगणात बसायला लागली. दिवाळीला तिच्या डोक्यावर सावरीच्या कापसासारखी पांढरी, बारीक लव आली. संक्रांतीला ती काळी झाली. पुढच्या पोळ्याला तिनं दोन बोटांची वेणी घातली आणि ती सगळ्या गावाला दाखवत फिरली. पाटलाच्या डोक्यावर शेवटपर्यंत एकही केस आला नाही. कुणाकुणाचे आले, कुणाकुणाचे नाही आले. ठकुआईला तीन केस आले, ते रेऊच रोज विंचरून द्यायची, असं म्हणतात. शिंगांवरचे केस त्याच दिवशी बायकांनी कापले, आणि त्यांच्या दोऱ्या वळल्या त्या तुटता तुटल्या नाहीत.

ठकुआई खूप म्हातारी होऊन गेली. तिच्या जागी गावानं सावरीखाली एक गोल, गुळगुळीत दगड ठेवला. तो डोहातून आपणहून वर आला, असं म्हणतात. श्रावणात त्याच्यावर बारीक हिरवं शेवाळ उगवतं. पोरं म्हणतात, ठकुआईचे केस आले.

आजही सावरडोहला पोळ्याच्या आदल्या दिवशी आधी बैलांची खांदमळणी होते आणि मग माणसांची डोईमळणी. आता गावात बैल थोडे राहिले आहेत, काहीजण ट्रॅक्टरच धुऊन आणतात, पण डोकी पूर्वीपेक्षा जास्त असतात. शहरात नोकरीला गेलेले पुरुष येतात आणि कॅप काढून फांदीवर अडकवतात. बाळंतिणी येतात, परीक्षेच्या वर्षातल्या मुली येतात, मोठ्या आजारातून उठलेली माणसं येतात. तालुक्याचे डॉक्टर सांगतात की तापानं गेलेले केस बऱ्याचदा आपोआप परत येतात, आणि डोक्याला काही लावायचं तर आधी दाखवून घ्यावं. गाव त्यांचं ऐकतं. डॉक्टरही दर वर्षी येतात आणि ओळीत बसतात. त्यांनाही टक्कल आहे.

सगळे सावरीभोवती गोल बसतात आणि प्रत्येकजण पुढच्याच्या डोक्याला लेप चोळतो. कड्यात एक जागा दगडाची असते. दगडाच्या मागे बसणारा दगडाला लेप चोळतो. दगडाच्या पुढची जागा मात्र मोकळी ठेवतात. त्या वर्षात ज्याला सर्वांपासून लपून राहावंसं वाटलं असेल त्यानं तिथे बसायचं. कोण बसणार हे ठरवत नाहीत, आणि का बसलास हे कुणी विचारत नाही. दगडाला हात नसतात म्हणून तिथे बसणाऱ्यानं फक्त डोकं मागे टेकायचं, म्हणजे दगडावरचा लेप त्याच्या डोक्याला लागतो.

मग आठ दिवस सगळ्या गावाचे तळहात काळे असतात. ते घासून काढायचे नसतात. बाजारात दुसऱ्या गावचे लोक हात बघून ओळखतात आणि म्हणतात, आली सावरडोहची माणसं.

तो दगड डोहातला आहे, त्यामुळे तो गार लागत असणार, असं लांबून बघणाऱ्यांना वाटतं. पण ज्यांनी त्याला डोकं टेकलं आहे ते सगळे एकच सांगतात. तो गार नसतो. तो एखाद्या हातासारखा ऊबदार लागतो.